पोपटी सायकलला मारलेले दोन टाके

मला सायकल चालवता येत नाही.

हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढे नाही, मुलीपुढे नाही, आणि ज्यांच्याबरोबर एका स्टाफरूममध्ये पंचवीसेक वर्षं चहा प्यायलो त्या शिक्षकांपुढेही नाही. कागदावर उतरल्यावर ते अगदीच किरकोळ दिसतंय. सायकल न येणारी माणसं पुष्कळ असतात आणि सुखाने जगतात. पण त्यांनी येत असल्याचं सोंग केलेलं नसतं. मी केलं. आणि ते सोंग निभावण्यासाठी माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या पहिल्या सायकलचं मी जे केलं, ते सांगायला आज बसलोय.

माझा जन्म पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतला. घरातून पाऊल बाहेर टाकलं की एकतर चढ, नाहीतर उतार. भाताची खाचरंसुद्धा पायऱ्या-पायऱ्यांची. तिथे सायकल घेऊन कोण काय करणार? आठवीला महाडला वसतिगृहात राहायला गेलो तेव्हा कळलं, की तिथल्या पोरांना सायकल चालण्याइतकीच सहज येते. रविवारी ती तासाच्या भाड्याने सायकली घ्यायची आणि नदीच्या बाजूला जायची. मला पहिल्यांदा "चल रे" म्हणाले, तेव्हा "येत नाही" एवढे दोनच शब्द बोलायचे होते. त्याऐवजी मी म्हणालो, "मला बंदी आहे. आंबेनळीच्या उतारावर माझा ब्रेक तुटला होता. आईने शपथ घातलीय."

आंबेनळी घाटातून तोवर मी एकदाच आलो होतो, तेसुद्धा एस.टी.तून, खिडकीशी ओकत. पण पोरं गप्प झाली. मग एकाने विचारलं, "कुठल्या वळणावर?" मी वळणही सांगितलं.

झालं. त्या दिवसापासून मी आंबेनळी सायकलवरून उतरलेला माणूस झालो. पुढे पोलादपूरच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो. संतुलनाचा धडा आला की फळ्यावर सायकल काढायचो, गुरुत्वमध्याचा बाण दाखवायचो, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं, "सर, घाटातलं सांगा." मी नको नको म्हणत सांगायचो. महाडच्या पेठेत मुलगी बघायला गेलो तेव्हा होणारे मेव्हणे अंगणात आपली काळी सायकल पुसत होते. त्यांनी विचारलं, "तुम्ही शाळेत सायकलनेच जात असाल?" तिथेही घाट, ब्रेक आणि शपथ. चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभी असलेली मुलगी ते ऐकत होती. लग्नानंतर ती म्हणाली, "त्या गोष्टीमुळेच होकार दिला. बाकी लक्षात राहण्यासारखं तुम्ही काही बोललाच नव्हता."

आमची मुलगी पहिलीत गेली, ते दोन हजार सालानंतर दोन-तीन वर्षांनी. पोलादपुरात आम्ही राहायचो त्या चाळीपुढे सारवलेलं मोठं अंगण होतं आणि अंगणात चार पोरांकडे सायकली होत्या. तिने मागितली तेव्हा नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. उलट चाळीत सगळ्यांना वाटत होतं, हिला तर काय, बापच घाट उतरलेला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं बापलेक महाडला गेलो. बायको घरी झेंडूचे हार करत बसली होती.

दुकान पेठेत होतं. अरुंद, आत खोल, छताला टायर टांगलेले. दुकानदार पन्नाशीचा, अंगात बनियन, कानामागे पेन्सिल. त्याची विकायची रीत निराळी होती. मुलीला त्याने रंग विचारला नाही. "चपला काढ बाय," म्हणाला. मग एकेका सायकलवर तिला बसवून तो खाली उकिडवा बसायचा आणि तिच्या टाचेखालून हात फिरवून बघायचा. हात गेला की सायकल बाजूला.

"ही थोडी मोठी घेतली तर?" मी विचारलं. "अंग वाढतंय तिचं. दोन वर्षं पुरेल."

"सर, शर्ट वाढत्या अंगाचा घ्या. सायकल नाही." त्याने वर बघितलंसुद्धा नाही. "नुसते चवडे टेकले की पोराला भीती राहते. टाचा टेकल्या की जाते. मोठी पाहिजे तर पलीकडे दुसरं दुकान आहे."

तीन सायकलींना टाचा टेकल्या. लाल, निळी आणि पोपटी. लालला पुढे टोपली होती, निळीच्या हँडलला झिरमिळ्या. पोपटीला काहीच नव्हतं, रंगही असा की पिकलेल्या भातात उठून दिसावा. मला वाटलं लाल. पण मुलगी खाली बसली आणि एकेकीचं पॅडल हाताने उलटं फिरवायला लागली. उलटं फिरवलं की मागच्या चाकातून टिक टिक टिक आवाज येतो. ती कान लावून ऐकत होती, वैद्याने नाडी बघावी तशी. लालचा आवाज बारीक. निळीचा त्याहून बारीक. पोपटीने असा काही खणखणीत सूर लावला की तिने मान वर केली आणि म्हणाली, "ही बोलते."

दुकानदार पहिल्यांदा हसला. "इतकी वर्षं सायकली विकतोय. आवाजावर घेणारं गिऱ्हाईक पहिलंच." मग माझ्याकडे वळून त्याने तो प्रश्न विचारला, जो तो म्हणे प्रत्येकाला विचारायचा.

"शिकवणार कोण?"

"मी," मी म्हणालो.

"बाबा आंबेनळी घाट उतरलेत सायकलवरून," मुलीने माहिती पुरवली.

"असं? मग प्रश्नच मिटला. मग ही आधाराची बारकी चाकं नकोत मागे. काढून देतो."

"राहू द्या," मी घाईने म्हणालो. "लहान आहे."

"चाकं असली की पोरगं तोल शिकत नाही, सर. नुसतं बसायला शिकतं."

"राहू द्या."

त्याने ठेवली. पण एक छोटा पाना जुन्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिला. "महिन्याने काढा. आणि बेल संपलीय माझ्याकडे. दिवाळीनंतर केव्हाही या, बेल माझ्याकडून राहिली."

परतीच्या एस.टी.त मागच्या बाजूला सायकल उभी केली. कंडक्टर तिकीट फाडत मागे आला. मुलगी हँडल धरून उभी होती आणि तोंडाने "ट्रिंग ट्रिंग" करत होती.

"सायकलचं तिकीट अर्धं का पूर्ण?" त्याने तिलाच विचारलं.

"अर्धं. ती लहान आहे."

"चाकं चार हायत. चार चाकांना पूर्ण लागतं."

"दोन तिची बाळं आहेत," मुलगी म्हणाली. "मांडीवर घेते."

अख्खी गाडी हसली. पोलादपूर येईपर्यंत ती खाली बसली नाही. बाहेर हायवेच्या दोन्ही अंगांना भात पिवळं झालं होतं. माझ्या खिशात तो पाना मांडीला टोचत होता. मला त्या वेळी, खोटं कशाला सांगू, फार आनंद झाला होता. तो पाना सोडून.

दसऱ्याला माझी आई वाडीवरून खाली आली होती. पाटावर विज्ञानाची पुस्तकं, बायकोची शिलाईची कात्री आणि मधोमध पोपटी सायकल, हँडलला झेंडू, मडगार्डवर कुंकवाचं स्वस्तिक. आई पदराने डोळे पुसत बघत राहिली. मुलगी तिला म्हणाली, "आजी, बाबा घाट उतरले तेव्हा तू खूप रडलीस ना? म्हणून शपथ घातलीस ना?"

मला सायकल येत नाही हे जगात त्या एकट्या बाईला ठाऊक होतं, कारण आमच्या घरात सायकलच नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं.

"आसंल गो," ती नातीला म्हणाली. "माझ्या काय ध्यानात नाय. मी तवा भाताच्या लावणीला व्हते."

मागच्या दारी हात धुताना मात्र मला म्हणाली, "पोरीला तरी खरं सांग रे. शपथ मी घातली म्हणं. माझ्या नावावर काय काय घातलंस तू?"

मी म्हणालो, "सांगतो."

पहिले चार दिवस मजेत गेले. सकाळी उठल्याबरोबर अंगणात सायकल. चार चाकांवर खडखडत ती विहिरीपर्यंत जायची, पॅडल उलटं फिरवून तिला बोलायला लावायची, परत यायची. रात्री सायकल ओसरीवर आणि तिच्या अंगावर जुना टॉवेल. मग शेजारच्या पोरांनी तिला "रिक्षावाली" म्हणायला सुरुवात केली. "ओ रिक्षा, विहिरीपर्यंत किती घेणार?" ती चिडायची नाही, भाडं सांगायची. पण संध्याकाळी माझ्यापाशी यायची. "बाबा, चाकं कधी काढायची?"

"रविवारी."

रविवार आला की मला पेपर तपासायचे असायचे, नाहीतर पाना सापडायचा नाही. पाना माझ्या बॅगेत तळाशी होता. तिसऱ्या रविवारी शेजारचे गणिताचे सर म्हणाले, "पाना आमच्याकडे आहे. तुम्ही बिझी असाल तर मी शिकवतो हिला. अर्ध्या तासाचं काम."

अर्ध्या तासाचं काम. त्यांनी चाकं काढली, की सगळं अंगण माझ्याकडे बघणार. तुम्ही धरा सर, तुम्ही दाखवा, एक चक्कर मारून दाखवा, शपथ काय, पोरीसाठी एक चक्कर चालते.

"नको नको," मी म्हणालो. "आधी हवा भरून आणतो." आणि सायकल ढकलत हायवेच्या कडेला गेलो. तिथे ग्रिल आणि दारं बनवणारा एक जण होता. त्याला मी चाकांचे दोन्ही नट दाखवले. "इथे एकेक टाका मार वेल्डिंगचा."

त्याने डोळ्यावरची काळी काच वर केली. "सर, मग ही निघायची नाय हां."

"नकोतच निघायला."

"पोरगी म्हातारी झाली तरी चार चाकांवरच?"

"तू मार टाका."

निळा उजेड दोनदा चमकला. पोपटी रंग टाक्याभोवती जळून काळा पडला. मी घरी आलो, मुलीला आणि बायकोला बोलावलं आणि नट दाखवून म्हणालो, "हे बघा. दुकानदाराने वेल्डिंग मारूनच दिलीत. कसा फसवला आपल्याला. आता ही निघणार नाहीत."

मुलगी खाली वाकली. टाक्याला बोट लावून बघितलं. "बाबा, हे आधी नव्हतं."

"होतं. तुझं लक्ष नव्हतं."

तिने पुन्हा एकदा बघितलं. मग हळूच म्हणाली, "हो का." आणि स्वतःच्या डोळ्यांवरचा तिचा विश्वास त्या क्षणी थोडा कमी झालेला मी पाहिला. आयुष्यात मी आणखीही चुका केल्या असतील. पण ही आठवली की अजून मी जागच्या जागी उभा राहतो.

मला वाटलं, इथे विषय संपला. पण बायको महाडची. पेठेत वाढलेली. तिने कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "शिक्षकाला फसवतो? भाऊबीजेला जायचंच आहे ना माहेरी? सायकल बरोबर घेऊ. बघतेच त्याच्याकडे."

मी चार दिवस तिला समजावत होतो. जाऊ दे, लहान माणूस आहे, सणासुदीचं भांडण नको. ती म्हणाली, "तुम्ही फार भिडस्त. तुम्ही नुसते उभे राहा."

भाऊबीजेच्या दिवशी मी नुसता उभा राहिलो.

दुकानात गर्दी होती. पाच-सहा गिऱ्हाइकं, कुणी ट्यूब बदलून घेतंय, कुणी पोरासाठी सायकल बघतंय. बायकोने पोपटी सायकल त्यांच्या मधोमध उभी केली आणि सुरुवात केली. तिचा आवाज चढत नाही, पण पोचतो. "दादा, हे तुमचं काम? पोरीचं वय काय, आणि तुम्ही चाकं कायमची डकवून देता? विचारायचं तरी. शिक्षक माणूस, बोलणार नाही म्हणून काहीही खपवायचं?"

गिऱ्हाइकं वळली. दुकानदार पेन्सिल कानामागे खोचून पुढे आला, उकिडवा बसला, टाक्याला हात लावला. जळलेल्या रंगावरून त्याने अंगठा फिरवला. त्याच्या दुकानात वेल्डिंगचं मशीनच नव्हतं. ते मला दिसत होतं. त्यालाही माहीत होतं. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मी छताच्या टायरांकडे बघू लागलो.

मुलगी माझं बोट धरून होती. त्याने तिच्याकडेही एकदा पाहिलं असावं, कारण तो उठला तेव्हा आवाज एकदम मऊ होता.

"चूक झाली, ताई," तो म्हणाला. सगळ्यांसमोर. "माझ्याकडून झाली. आत्ता काढून देतो."

सायकल बघत असलेलं एक जोडपं एकमेकांकडे बघून बाहेर पडलं. त्याने त्यांना जाताना पाहिलं आणि लोखंड कापायची करवत घेऊन खाली बसला. एक चाक सुटलं, दुसरं सुटलं. कानशीने धारा घासल्या. उरलेल्या काळ्या डागावर बोटाने थोडा हिरवा रंग लावला. मग खणातून चकचकीत बेल काढून हँडलला बसवली.

"ही राहिली होती माझ्याकडून," तो मुलीला म्हणाला. "वाजव."

ट्रिंग. मुलीचा चेहरा असा उजळला की बायकोचा राग तिथेच संपला.

"आता सांगा," तो उभा राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "शिकवणार कोण?"

मी तोंड उघडलं. त्यातून काय आलं असतं, मला आजही सांगता येत नाही. पण तोवर तो बायकोकडे निरखून बघत होता. "ताई, तुम्ही पेठेतल्याच ना? भावाची काळी सायकल घेऊन पंक्चर काढायला यायचात. फ्रॉक घालून, दांड्याखालून पाय घालून, तिरक्या तिरक्या."

बायको लाजली. माझी बायको लाजलेली मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघितली. "तुमच्या लक्षात आहे?"

"ब्रेक न लावता दारात यायचात. कसं विसरेन? एकदा माझी टायरची चळत पाडली होती. तुम्हीच शिकवा की हिला."

"आई, तुला येते?" मुलगी किंचाळलीच.

"येत होती," बायको म्हणाली, आणि चोरून माझ्याकडे बघितलं.

तिच्या माहेराजवळ एक मोकळं पटांगण होतं. दुपारी ओवाळून झाल्यावर, करंज्या खाऊन, सगळे तिथे गेलो. बायकोने पदर खोचला. तिने मुलीला पॅडल मारू दिलंच नाही. "पाय खाली. टाचा टेकव. आता बदकासारखी चाल." मुलगी सायकलवर बसून बदकासारखी चालायला लागली. मग बदक पळायला लागलं. मग मध्ये मध्ये पाय उचलायला लागलं. पडली दोनदा. दुसऱ्यांदा गुडघा फुटला, तर तिने त्याला माती लावली आणि बेल वाजवली, जणू गुडघाच मध्ये आला होता.

"आता पॅडल," बायको म्हणाली. आणि मागे धरायला न जाता तिने भावाची ती जुनी काळी सायकल भिंतीपासून काढली, एक पाय पॅडलवर ठेवून दुसऱ्याने दोनदा जमीन ढकलली, आणि साडीसकट वर बसली. "खाली बघू नकोस गो. माझ्या पाठीकडे बघ आणि मागे ये."

ती पुढे निघाली. पहिलं वळण डगमगत. दुसरं सरळ. तिसऱ्या फेरीला तिने एक हात सोडून सुटलेला अंबाडा सारखा केला. मागून पोपटी सायकल, टिक टिक, ट्रिंग, पुन्हा टिक टिक. मुलीने तोंड घट्ट मिटलेलं होतं आणि डोळे आईच्या पाठीवर खिळलेले. अर्धं पटांगण ती पाय न टेकता आली तेव्हा मेव्हण्यांनी टाळ्या वाजवल्या. तिला कळलंच नाही, टाळ्या कुणासाठी. आई थांबली म्हणून ती थांबली, टाचा टेकवून.

"कधीपासून चालवतेय मी?" तिने विचारलं.

"त्या कोपऱ्यातल्या झाडापासून पाय टेकला नाहीस तू," आई म्हणाली.

त्यानंतर जे हसू त्या पोरीच्या तोंडावर आलं ते मी काही लिहून दाखवू शकणार नाही. तो माझ्या आयुष्यातला फार सुखाचा दिवस होता. ते सुख खरं होतं. मी त्यात नव्हतो, एवढंच. मी भिंतीला टेकून दोघींच्या चपला सांभाळत होतो.

"बाबा, तुम्ही पण या ना!" मुलगी ओरडली.

"बाबांना नको बोलावूस," बायको तिला म्हणाली. "त्यांना शपथ आहे."

मग ती सायकलवरून उतरून माझ्यापाशी आली. घामाघूम, गाल लाल. हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला त्रास नाही ना झाला बघून? आठ वर्षं मी सायकलचं नाव काढलं नाही. म्हटलं, तुम्हाला तो घाट आठवेल."

याहून चांगली वेळ कुणाला मिळते? पटांगण, ऊन, कुणी ऐकायला नाही, समोर ती. मी म्हणायला हवं होतं, अगं, घाटच नव्हता. मी म्हणालो, "आता चालवत जा. माझी काळजी करू नकोस."

ती म्हणाली, "तुमचं मन मोठं आहे हो."

नंतर तिने स्वतःसाठी सायकल घेतली. पोलादपुरात बाजाराला, पोस्टात, शाळेच्या स्नेहसंमेलनाला ती सायकलने जायची, मागे पोपटी सायकल. लोक म्हणायचे, सरांनी बायकोला चालवायला दिली, सर पुढारलेले. मी तेही ऐकून घेतलं. मुलगी पोपटीवरून मोठीवर गेली, मग स्कूटरवर. पोपटी आम्ही शेजारच्या पोरीला दिली. देण्याआधी मी मागचा नट बघितला. हिरव्या रंगाखाली काळा डाग दिसत होता.

त्या दुकानदाराच्या वाटेला मी नंतर गेलो नाही. पेठेतून जायचं झालं तर पलीकडच्या बाजूने जायचो. आमच्या स्टाफरूममध्ये मात्र त्याने आम्हाला फसवल्याची गोष्ट पोचली होती, अर्थातच. दोघा-तिघांनी पोरांच्या सायकली पलीकडच्या दुकानातून घेतल्या. मी त्यांना अडवलं नाही. एकदा बाजारात तो समोरच आला. मला वाटलं, आता. तो फक्त म्हणाला, "ताई चालवतात ना अजून?" मी म्हणालो, "रोज." "बरं झालं," म्हणाला, आणि गेला.

गेल्या महिन्यात मुलगी आणि जावई आले होते. महाबळेश्वरला जाताना आंबेनळीत तिने गाडी थांबवायला लावली. "बाबा, कुठलं वळण हो? ह्यांना दाखवा ना." जावई आदराने माझ्याकडे बघत होते. बायको मागच्या सीटवर बाहेर बघत बसली होती, तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी होतं. तिला ठाऊक आहे का, कधीपासून ठाऊक आहे, मी विचारलेलं नाही. मी हात उचलला आणि एक वळण दाखवलं. चाळीसेक वर्षांपूर्वी सांगितलेलं हेच होतं का, तेही आता आठवत नव्हतं.

घरी आल्यावर हे लिहायला घेतलं.

तो दुकानदार अजून आहे. थकलाय, दुकान मुलगा बघतो, पण संध्याकाळी बाहेर खुर्ची टाकून बसतो. बायकोला आणि मुलीला बरोबर घेऊन मला त्याच्या दारात जायचंय, आणि दुकानात जेवढी माणसं असतील त्यांच्यासमोर सांगायचंय, की ते टाके मी मारून घेतले होते. मुलीला सांगायचंय, की तुझं लक्ष होतं, टाके आधी नव्हते. आणि बायकोला सांगायचंय, की घाट नव्हता, शपथ नव्हती, तुझी आठ वर्षं मी फुकट घालवली. हे मी अजून केलेलं नाही. हे माझ्याकडून राहिलंय.